मुलांच्या आत्मसन्मानाबद्दल शिक्षक आणि मुख्याध्यापकांना खुले पत्र

आदरणीय मुख्याध्यापक आणि शिक्षकवर्ग,

सप्रेम नमस्कार.

मी शालेय समुपदेशक म्हणून काम करते. मुलांना माझ्याकडे पाठवताना शिक्षक जी चिठ्ठी देतात, तिच्यात सर्वांत जास्त वेळा एकच वाक्य असते : "आत्मविश्वास कमी आहे, कृपया वाढवावा." या वाक्यामागची कळकळ खरी असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र त्यात असे गृहीत धरलेले असते, की स्वतःबद्दलचा आदर ही मुलाच्या आत कमी पडलेली एखादी वस्तू आहे आणि समुपदेशकाने ती बंद खोलीत अर्ध्या तासात भरून द्यायची आहे. प्रत्यक्षात मुलाला स्वतःबद्दल काय वाटते, हे माझ्या खोलीत फारसे ठरत नाही. उत्तरपत्रिका हातात कशी पडली, उत्तर चुकल्यावर शिक्षकांचा चेहरा कसा झाला, आपले नाव कोणत्या यादीत आणि कितव्या क्रमांकावर लागले, अशा वर्गातल्या रोजच्या गोष्टींतून ते ठरत जाते. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहीत आहे.

माझे म्हणणे असे आहे. मुलाचे काम कसे झाले हे त्याला खरे खरे सांगितले पाहिजे, आणि त्या कामाच्या बऱ्यावाईटावर माणूस म्हणून त्याची किंमत ठरत नाही, हे त्याला तुमच्या वागण्यातून कळले पाहिजे. आपल्या शाळांत या दोन गोष्टी इतक्या मिसळून गेल्या आहेत, की एक सांभाळायला जावे तर दुसरी बिघडते. ज्यांना मुलाचे मन जपायचे असते ते त्याच्या कामाबद्दल खोटे बोलतात, आणि ज्यांना कामाबद्दल खरे बोलायचे असते ते मुलाचा पाणउतारा करतात. दोन्हीकडे मुलाला कळते ते एकच : आपण कोण आहोत, हे आजच्या गुणांवरून ठरणार आहे.

आत्मसन्मान मोजण्यासाठी आजही सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. ती शाळकरी वयाच्या मुलांच्या अभ्यासातूनच तयार झाली आणि तिच्यात अवघी दहा विधाने आहेत. निदान इतरांच्या बरोबरीने तरी आपल्याला मोल आहे, आपल्यात काही चांगले गुण आहेत, एकंदरीत आपण स्वतःबद्दल समाधानी आहोत, अशा अर्थाची ती विधाने आहेत. आपण इतरांपेक्षा सरस आहोत, असे त्यांत कुठेही म्हटलेले नाही. रोझेनबर्ग यांच्या मते निकोप आत्मसन्मान असलेला माणूस स्वतःला श्रेष्ठ समजतोच असे नाही. तो स्वतःचा आदर करतो, आपल्या मर्यादा ओळखतो आणि त्यांच्यातून पुढे जाण्याची आशा बाळगतो. आपण शाळेत ज्याला आत्मविश्वास म्हणतो, त्यात मात्र मंचावर न घाबरता बोलणे, स्पर्धेत नाव देणे आणि मोठ्याने उत्तर देणे एवढेच प्रामुख्याने येते. या व्याख्येमुळे शांत स्वभावाचे, स्वतःशी समाधानी असलेले मूल विनाकारण माझ्याकडे पाठवले जाते, आणि सतत पुढे पुढे करणारे, पण एका गुणासाठी रडवेले होणारे मूल कोणाच्या नजरेतच येत नाही.

त्याही आधी, १८९० मध्ये, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी आत्मसन्मान अपूर्णांकाच्या रूपात मांडला होता : अंशस्थानी मिळालेले यश, छेदस्थानी आपण बाळगलेल्या अपेक्षा. यश वाढवून या अपूर्णांकाची किंमत वाढते, तशीच ती अपेक्षा कमी करूनही वाढते, हे त्यांनीच दाखवून दिले. प्रौढ माणसाला आपला छेद निवडण्याची थोडीफार मुभा असते. एखादी गोष्ट आपल्याला जमत नाही आणि जमली नाही तरी चालेल, असे तो स्वतःला सांगू शकतो. शाळकरी मुलाला ही मुभा जवळजवळ नसते. त्याचा छेद आईवडील, शिक्षक आणि शेजारच्या बाकावरचे मूल मिळून लिहितात आणि तो दर परीक्षेला वाढत जातो. सत्तर मिळाले तर ऐंशी का नाहीत, ऐंशी मिळाले तर नव्वद का नाहीत. अशा मुलाचे यश कितीही वाढले तरी त्या अपूर्णांकाची किंमत आहे तिथेच राहते, आणि मग पहिल्या तीन नंबरांत येणारी मुलगी "मला काहीच येत नाही" असे म्हणत समोर बसते, तेव्हा मोठ्यांना ते नाटक वाटते. ते नाटक नसते.

नुसते स्वतःबद्दल चांगले वाटायला लावले की बाकी सगळे आपोआप सुधारते, ही कल्पना एका सरकारने मनावर घेतली होती. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात जॉन व्हास्कॉन्सेलोस या लोकप्रतिनिधींच्या पुढाकाराने १९८६ मध्ये आत्मसन्मानाच्या प्रश्नावर एक राज्यस्तरीय कृतिदल नेमले गेले. शाळेतील अपयश, व्यसने, गुन्हेगारी अशा अनेक प्रश्नांचे मूळ कमी आत्मसन्मानात आहे, अशी त्यामागची धारणा होती. या कामासाठी विद्यापीठांतील अभ्यासकांनी उपलब्ध संशोधनाचा जो आढावा १९८९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात आत्मसन्मान आणि हे प्रश्न यांचा संबंध बहुतेक ठिकाणी क्षीणच आढळला. तरीही १९९० च्या अंतिम अहवालाचा सूर उत्साहाचाच राहिला आणि मुलांना कारणाकारणाने कौतुकाचे शब्द वाटण्याची पद्धत शाळांमध्ये रुजली. पुढे २००३ मध्ये रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरील संशोधनाची सविस्तर छाननी केली. आत्मसन्मान वाढवल्याने गुण वाढतात, याला त्यांना आधार सापडला नाही. दोहोंमध्ये जो थोडा संबंध दिसतो, त्याचे एक कारण चांगल्या कामगिरीनंतर स्वतःबद्दल बरे वाटते हेही आहे, असे त्यांनी नोंदवले. आत्मसन्मानाचा संबंध आनंदी असण्याशी, स्वतःहून पुढाकार घेण्याशी आणि अपयशानंतरही प्रयत्न न सोडण्याशी मात्र त्यांना दिसला.

या निष्कर्षाने काही शिक्षक सुटकेचा निःश्वास टाकतात, कारण आता मुलांच्या मनाचे लाड करण्याची गरज उरली नाही, असे त्यांना वाटते. मला त्यातून वेगळाच अर्थ दिसतो. मुलाला स्वतःबद्दल आदर वाटणे, ही गोष्ट गुण वाढवण्याचे साधन म्हणून पाहिलीच जाऊ नये. शाळेत मूल आपल्या बालपणाचा मोठा भाग घालवते. तिथे ते स्वतःला क्षुद्र समजत बसले असेल, तर निकाल शंभर टक्के लागूनही त्या शाळेने त्या मुलाचे नुकसान केले आहे.

आता उत्तरपत्रिका परत देण्याच्या तासाबद्दल, कारण माझ्या मते सर्वांत जास्त हानी त्या एका तासात होते आणि ती टाळायला सर्वांत सोपीही आहे. गठ्ठा गुणांच्या उतरत्या क्रमाने लावलेला असतो. पहिली पाच-सहा नावे पुकारताना शिक्षकांच्या आवाजात उत्साह असतो, मुले उठून पुढे येतात, वर्ग टाळ्या वाजवतो. गठ्ठा निम्म्यावर आला की टाळ्या थांबतात आणि नुसती नावे व आकडे ऐकू येतात. तळाशी पोहोचेपर्यंत आवाज चढलेला असतो, आणि कोणाची नावे उरली आहेत हे वर्गातल्या प्रत्येकाला माहीत असते. ज्यांची उरली आहेत, ती मुले बाकावरच्या रेघांकडे पाहत असतात. नाव आले की मुलगी झटकन पुढे जाते, कागद घेते, वळता वळताच वरच्या कोपऱ्याची घडी घालते म्हणजे आकडा झाकला जाईल, आणि जागेवर बसण्याच्या आत तो दप्तरात गेलेला असतो. आतली पाने ती उघडतही नाही. तुम्ही रात्री जागून, लाल शाईने, प्रत्येक उत्तरापुढे जे लिहिले, ते तिने वाचलेले नसते आणि पुढेही ती वाचणार नसते.

ही गोष्ट मी अनेक वर्गांत पाहिली आहे, आणि शिक्षकांच्या कष्टांचे असे मातेरे होताना पाहून मला मुलीइतकेच शिक्षकांसाठीही वाईट वाटते. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही मुलांना केवळ गुण दिले, काहींना केवळ लेखी शेरे दिले आणि काहींना दोन्ही दिले. केवळ शेरे मिळालेल्या मुलांची पुढची कामगिरी आणि गोडी दोन्ही सुधारली. ज्यांना शेऱ्यांसोबत गुणही मिळाले, त्यांना शेऱ्यांचा तसा लाभ झाला नाही. आकडा दिसला की मुलाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो "मी कितवा?" हा, आणि त्या प्रश्नाच्या गदारोळात "माझे कुठे चुकले?" हा प्रश्न ऐकूच येत नाही. गुण देणे तुमच्या हातात नसेल, ते नियमाने द्यावेच लागत असतील, तरी ते आतल्या पानावर लिहिता येतात, वर्गात न वाचता देता येतात, गठ्ठा हजेरीच्या क्रमाने लावता येतो आणि मुलांना दहा मिनिटे शेरे वाचून एक उत्तर पुन्हा लिहायला लावल्यानंतर मग गुण सांगता येतात. यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही.

शेरा कसा असावा, याबद्दलही थोडे सविस्तर लिहिते. "आणखी प्रयत्न हवेत", "निष्काळजीपणा", "अक्षर सुधार", "छान!" हे शेरे मुलाला काहीच सांगत नाहीत. पहिल्यात कोणते प्रयत्न हे नाही, दुसऱ्यात मुलाच्या स्वभावावर शिक्का आहे, आणि शेवटच्यात काय छान झाले याचा पत्ता नाही. त्याऐवजी "तिसऱ्या पायरीपर्यंतची मांडणी बरोबर आहे, तिथे पद दुसऱ्या बाजूला नेताना चिन्ह बदलायचे राहिले, म्हणून पुढचे उत्तर चुकले" असे लिहिले, तर त्यात खरेपणा आहे, मान आहे आणि पुढे काय करायचे तेही आहे. मुलाच्या डोक्यातले "मला गणित येत नाही" हे अवाढव्य वाक्य "मी चिन्ह बदलायला विसरतो" एवढ्याशा वाक्यात बदलते, आणि एवढेसे वाक्य त्याला दुरुस्त करता येते. माझ्या अनुभवात मुलांच्या मनातले न्यूनगंडाचे ओझे कौतुकाने जितके हलके होते, त्यापेक्षा अशा अचूक शेऱ्याने जास्त होते. प्रत्येक उत्तरावर असे लिहिणे साठ मुलांच्या वर्गात शक्य नाही, हे मला कळते. एका उत्तरपत्रिकेत एकच असा शेरा असला तरी चालेल.

कौतुकाबद्दलही तेवढ्याच काळजीने बोलावे लागेल, कारण ते चांगल्या मनाने केलेले असते आणि म्हणून त्यातला दोष दिसत नाही. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग अनेकांना ऐकून माहीत असतील. साधारण दहा-अकरा वर्षांच्या मुलांना कोडी सोडवायला दिली; मग काहींना "तू हुशार आहेस" असे सांगितले, तर काहींना "तू मेहनत घेतली असणार" असे सांगितले. पुढे मुद्दाम अवघड कोडी देऊन सगळ्यांना अपयश येऊ दिले. त्यानंतर पुन्हा सोपी कोडी दिल्यावर हुशार म्हटलेल्या मुलांची कामगिरी आधीपेक्षा घसरली आणि मेहनती म्हटलेल्यांची सुधारली. मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा भाग पुढचा आहे : आपले गुण दुसऱ्या शाळेतील मुलांना निनावी लिहून कळवायचे होते, तेव्हा हुशार म्हटलेल्या दहा मुलांपैकी जवळजवळ चौघांनी ते वाढवून लिहिले. ज्यांना कधी भेटायचे नाही, अशा मुलांपुढेही त्यांना आपले अपयश उघडे करवले नाही. हुशारी हीच आपली ओळख, असे एकदा मनावर ठसले की प्रत्येक चूक त्या ओळखीवर घाला घालते.

यावरून "मेहनतीचे कौतुक करा" असा एक सोपा मंत्र शाळांनी उचलला, आणि आता जे मूल तासभर चुकीच्या पद्धतीने झगडले त्यालाही "प्रयत्न तर केलेस ना" असे सांगितले जाते. ड्वेक यांनी स्वतःच या पोकळ कौतुकाबद्दल पुढे सावध केले आहे. मुलाला ते दिलासा म्हणून दिलेले बक्षीस आहे, हे बरोबर समजते. आपल्याकडून याहून अधिकची आशा कोणाला उरलेली नाही, असा त्याचा अर्थ ते लावते. जिथे प्रयत्न झाले पण जमले नाही, तिथे पद्धत बदलून पाहू या, असे म्हणून शेजारी बसणे हाच आदर आहे.

आणि हरभऱ्याच्या झाडावर चढवण्याचे काय होते, तेही पाहिले गेले आहे. नेदरलँड्समधील संशोधक एडी ब्रुमेलमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले, की ज्या मुलांचा आत्मसन्मान कमी असतो त्यांचेच मोठी माणसे जास्त अतिशयोक्त कौतुक करतात. मग त्यांनी मुलांना एक चित्र काढायला लावले आणि काहींना "सुंदर चित्र", काहींना "अविश्वसनीय सुंदर चित्र" असा अभिप्राय दिला. त्यानंतर अवघड आणि सोपी चित्रे निवडायची वेळ आली, तेव्हा कमी आत्मसन्मानाच्या ज्या मुलांना अतिशयोक्त अभिप्राय मिळाला होता, ती सोप्याकडे वळली. एकदा अविश्वसनीय ठरल्यावर पुढचे चित्रही अविश्वसनीयच यायला हवे. ते येणार नाही, हे मुलाला आतून ठाऊक असते, आणि मग ते स्पर्धेतूनच माघार घेते. म्हणजे ज्या मुलाला आपण उभारी द्यायला जातो, त्याच मुलाची आपण कोंडी करतो. त्याला "या झाडाची सावली तू बरोबर बाजूला टाकली आहेस" एवढे एक खरे वाक्य पुरले असते.

वर्गात आणखी एक मूल असते, ज्याला आपण आळशी म्हणतो. परीक्षेच्या दिवशी सकाळी ते सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगते, "मी काहीच वाचलेले नाही." पेन्सिल विसरते, रात्री उशिरापर्यंत जागते, वही हरवते. स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स यांनी १९७८ मध्ये दाखवले, की ज्यांना आपल्या यशाचे कारण कळत नाही आणि ते पुन्हा मिळवता येईल याची खात्री वाटत नाही, असे लोक पुढच्या परीक्षेपूर्वी स्वतःच्या वाटेत स्वतःहून अडथळा ठेवतात; अपयश आले तर दोष अडथळ्याला देता येतो. "अभ्यास केला नाही म्हणून कमी गुण मिळाले" हे वाक्य "अभ्यास करूनही कमी गुण मिळाले" यापेक्षा सहन करायला खूप सोपे असते. अशा मुलाला आळशी म्हणून ओरडले की त्याचा डाव यशस्वी होतो, कारण आळशी ठरणे हीच त्याची ढ ठरण्यापासूनची सुटका असते. त्याच्याशी बोलायचे असेल, तर आधी ढ ठरण्याची भीती वर्गातून काढावी लागेल.

मुख्याध्यापकांना तुकड्यांबद्दल विचारायचे आहे. हुशार मुलांची एक तुकडी केली की त्या मुलांचा आत्मसन्मान वाढतो, असा समज आहे. हर्बर्ट मार्श यांच्या अनेक वर्षांच्या संशोधनातून याच्या उलट चित्र दिसते : तेवढ्याच कुवतीचे मूल अधिक सरस मुलांच्या गटात बसवले, तर अभ्यासातल्या स्वतःच्या क्षमतेबद्दलचे त्याचे मत खाली जाते. हा परिणाम २६ देशांतील पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या आकडेवारीतही आढळला आहे. निवडक तुकडीत गेलेले आणि तिथे चाळिसावे आलेले मूल सबंध शाळेत कुठे आहे, हे त्याला दिसत नाही. चाळिसावा नंबर दिसतो. खालच्या तुकडीतल्या मुलांना तर आपल्या तुकडीचे अक्षरच आपले नाव वाटू लागते. तुकड्या पाडण्याची इतर कारणे असतील आणि ती मी इथे तपासत नाही, पण मुलांच्या भल्यासाठी म्हणून ते केले जात असेल, तर हा परिणामही हिशेबात धरला जावा.

प्रार्थनेच्या वेळी "मी सर्वोत्तम आहे" अशा घोषणा मुलांकडून म्हणवून घेण्याची पद्धत काही शाळांनी सुरू केली आहे. जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात "मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे" असे वाक्य स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणायला लावल्यावर ज्यांचा आत्मसन्मान मुळात कमी होता, त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षा वाईट वाटले. ज्यांना त्या वाक्याची गरज नव्हती, त्यांनाच त्याचा थोडा लाभ झाला. मनाला न पटणारे वाक्य मोठ्याने म्हणताना मन आतून त्याचे खंडन करत राहते. ही घोषणा बंद करावी, अशी माझी स्पष्ट विनंती आहे.

रूप, रंग, उंची, वजन किंवा बोलण्यातला अडखळेपणा यांवरून पडलेली टोपणनावे शिक्षकांच्या तोंडी कधीही, प्रेमानेसुद्धा, येऊ नयेत. किशोरवयात स्वतःच्या दिसण्याबद्दलचे मत आणि एकूण आत्मसन्मान यांचे नाते फार घट्ट असते, हे सुझन हार्टर यांच्या संशोधनातून वारंवार दिसले आहे. शिक्षकांनी एकदा वापरलेले टोपणनाव वर्गात अधिकृत होते.

संतुलनाची दुसरी बाजूही नजरेआड करून चालणार नाही. दुसऱ्यांना त्रास देणाऱ्या, स्वतःची बढाई मारणाऱ्या मुलाबद्दल "आतून बिचारा घाबरलेला आहे, त्याचे कौतुक करा" असा सल्ला सर्रास दिला जातो. काही मुलांच्या बाबतीत तो खरा असतो, पण बाउमायस्टर यांच्या छाननीत दादागिरी करणाऱ्यांचा आत्मसन्मान सरसकट कमी असतो, असे आढळले नाही. ब्रुमेलमान यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५६५ मुलांचा आणि त्यांच्या आईवडिलांचा दीड वर्ष मागोवा घेतला. आपले मूल इतरांपेक्षा खास आहे, त्याला वेगळी वागणूक मिळायला हवी, असे मानणाऱ्या पालकांच्या मुलांमध्ये आत्मप्रौढी वाढली; पालकांकडून जिव्हाळा मिळत असल्याचे ज्या मुलांना जाणवत होते, त्यांचा आत्मसन्मान वाढला. म्हणजे अहंगंड आणि आत्मसन्मान या एकाच गोष्टीच्या कमी-जास्त मात्रा नाहीत, त्यांची मुळेच वेगळी आहेत. शाळेलाही हे लागू आहे. एखाद्या मुलाला तो शाळेची शान आहे म्हणून नियमांतून सूट द्यायची आणि दुसऱ्याला गैरहजर राहिल्यावर "काल आला नाहीस, बरे नव्हते का?" असे विचारायचे, या दोहोंतला फरक मुलांना चांगला कळतो. दुसऱ्या प्रकारची विचारपूस प्रत्येक मुलाच्या वाट्याला आली पाहिजे, त्याला कितीही गुण असोत.

मुलांना काही शिकवायचेच असेल, तर अपयशानंतर स्वतःशी कसे बोलावे ते शिकवावे. क्रिस्टिन नेफ यांनी २००३ पासून आत्मकरुणेबद्दल जे मांडले आहे, ते शाळेत वापरण्यासारखे आहे : जिवलग मित्र नापास झाला असता तर आपण त्याच्याशी जसे बोललो असतो, तसे स्वतःशी बोलावे, चुका सगळ्यांच्याच होतात, हे आठवावे, आणि झालेल्या गोष्टीचा ना बाऊ करावा ना ती नाकारावी. नेफ आणि रूस फोंक यांच्या २००९ मधील अभ्यासात ज्यांच्यात ही वृत्ती अधिक होती, त्यांची स्वतःबद्दलची भावना वेळोवेळी कमी हेलकावत होती आणि ती यश किंवा दिसणे यांवर कमी अवलंबून होती. मी मुलांना एक काम देते : वर्गमित्राला असेच गुण पडले आहेत असे समजून त्याला चार ओळींची चिठ्ठी लिही. मुले फार सुंदर चिठ्ठ्या लिहितात. "एका पेपरने काय होते", "आपण बसून करू", "बाई ओरडल्या तरी तू वाईट नाहीस". मग तीच चिठ्ठी स्वतःचे नाव घालून वाच म्हटले, की बरीच मुले पहिल्या ओळीवर अडतात. दुसऱ्याला जे सहज देता येते ते स्वतःला देण्याची परवानगी त्यांना कोणी दिलेली नसते. भाषेच्या तासाला निबंधाऐवजी हा उपक्रम कोणीही घेऊ शकेल.

शेवटी जे लिहायचे आहे ते मुख्याध्यापकांसाठी आहे. शिक्षक हे सगळे करू शकतील की नाही, हे पुष्कळसे तुमच्यावर अवलंबून आहे. एडवर्ड डेसी आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शिकवणाऱ्या काही जणांना बजावले, की तुमच्या विद्यार्थ्यांनी ठरावीक दर्जा गाठलाच पाहिजे, ही तुमची जबाबदारी आहे. इतरांना असे काही सांगितले नाही. ज्यांच्यावर दडपण होते ते जास्त बोलले, त्यांनी जास्त हुकूम सोडले आणि विद्यार्थ्यांवर जास्त टीका केली. शिक्षकांच्या बैठकीत वर्गवार निकालाचा तक्ता वाचून दाखवला जातो, तेव्हा खालच्या ओळीवर नाव असलेले शिक्षकही बाकावरच्या रेघांकडेच पाहत असतात, आणि दुसऱ्या दिवशी तो अपमान वर्गात उतरतो. ज्या शिक्षकांना शाळेत माणूस म्हणून मान मिळत नाही, त्यांच्याकडून मुलांसाठी तो मागणे मला जड जाते. म्हणून पुढच्या चाचणीच्या उत्तरपत्रिका परत देण्याआधी शिक्षकांची एक बैठक घ्यावी. तिच्यात गठ्ठा कसा लावायचा, गुण कधी सांगायचे आणि शेरे कसे लिहायचे हे सर्वांनी मिळून ठरवावे, आणि त्या बैठकीत निकालाचा तक्ता आणू नये, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक शालेय समुपदेशक